सामुराई, विळा आणि भाऊजींचं शोकेस



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. एप्रिलमध्ये महिनाभर धाकट्याकडे नागोयाला होते, परत आल्यावर मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग पाहुणे. जपानचं प्रवासवर्णन लिहा म्हणून काहीजण मागे लागले आहेत. ते लिहीन कधीतरी. आज मात्र मी भांडायला बसले आहे, आणि ज्यांच्याशी भांडायचं आहे ते माझं सगळं लिखाण नियमित वाचतात, फक्त प्रतिक्रिया कधी देत नाहीत. आज बहुधा देतील.

झालं असं. येताना मी जाऊबाईंसाठी एक सुरी आणली. ताकेफू नावाच्या गावी केलेली, सांतोकु प्रकारची. मुलाने मला ते गाव मुद्दाम नेऊन दाखवलं होतं, तिथेच घेतली. मे महिन्यात आम्ही सगळे साताऱ्याला दिरांकडे जमलो होतो. आमरसाचं जेवण झालं आणि मी ती सुरी काढली. हातोहात फिरली. पात्यावरच्या पाण्याच्या लाटेसारख्या रेषा पाहून सगळे थक्क. मग आमच्या भाऊजींनी चष्मा लावला आणि भाषण सुरू केलं.

"वहिनी, ही साधी सुरी नव्हे. सामुराईंच्या तलवारी घडवणाऱ्यांचे हे वंशज! १८७६ साली सरकारने तलवारी बाळगायला बंदी केली, तेव्हा याच लोकांनी सुऱ्या करायला घेतल्या. सातशे वर्षांत पद्धतीत काडीचा फरक नाही. परंपरा जपावी तर जपान्यांनी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसले, कारण आमरस फार झाला होता.

पुढे दहा मिनिटांनी विषय निघाला नातीचा. म्हणजे भाऊजींच्या नातीचा. तिचा दहावीचा निकाल लागला आहे, गुण चांगले आहेत, आणि तिला आयटीआयला टूल अँड डाय मेकर शिकायचं आहे. (हे लिहायला तिची परवानगी घेतली आहे.) त्यावर हेच भाऊजी म्हणाले, "आपल्या घरात आजवर कोणी हातात कानस धरलेली नाही. एवढे मार्क मिळवून लोहारकाम करायचं?" पोरगी उठून आत गेली. आणि सुरी? ती भाऊजींनी शोकेसमध्ये ठेवली, पितळी तोफेशेजारी. जाऊबाई हात पुसत बाहेर आल्या तोवर काचेला कुलूप.

मंडळी, मी छत्तीस वर्षं मराठी शाळेत इतिहास शिकवला. जपानचा धडा आला की मीही "जपानी माणूस परंपरा जपतो" हे वाक्य फळ्यावर लिहीत असे. तेव्हा आजचं भांडण थोडं माझ्याशीही आहे. ते वाक्य खोटं नाही, पण त्यातून आपण जे काढतो ते साफ चूक आहे, हे मला ताकेफूला कळलं.

आधी गाव सांगते. नागोयाहून आगगाडीने त्सुरुगापर्यंत जायचं, तिथे शिंकान्सेनमध्ये बसायचं, की पुढचंच स्टेशन एचिझेन-ताकेफू. हे स्टेशन मार्च २०२४ मध्ये सुरू झालं. फुकुई प्रांतातलं हे गाव २००५ साली शेजारच्या इमादाते गावाशी जोडलं आणि दोघांचं मिळून एचिझेन शहर झालं. बाहेर पडलं की सगळीकडे भाताची खाचरं, मागे डोंगर. फार जुन्या काळी ही या भागाची राजधानी होती. 'गेंजी मोनोगातारी' लिहिणारी मुरासाकी शिकिबू इथे राहून गेली आहे. तिचे वडील ९९६ साली इथले सुभेदार होऊन आले, त्यांच्याबरोबर तीही आली होती. मला वाटलं होतं गावात तिचंच नाव जास्त ऐकू येईल. पण मुलगा म्हणाला, "आई, इथे आधी लोखंड, मग साहित्य."

आता भाऊजींच्या पहिल्या मुद्द्याकडे येते. तलवारी.

गावाची कथा खरोखरच तलवारवाल्यापासून सुरू होते, हे मी नाकारत नाही. १३३७ साली चियोझुरू कुनियासु नावाचा क्योतोचा तलवार घडवणारा चांगल्या जागेच्या शोधात इथे आला, असं सांगतात. भाऊजींची सातशे वर्षं तिथूनच येतात. पण कथेचा पुढचा भाग असा, की त्याने तलवारींबरोबर आसपासच्या शेतकऱ्यांना विळे करून दिले. गावाचा धंदा चालला तो त्या विळ्यांवर. याच कुनियासुची आणखी एक दंतकथा आहे. एक तलवार पुरी झाली की तो धारेच्या दगडातून एक राखणदार प्राणी कोरायचा (आपल्या देवळांबाहेर सिंह असतात, तसे त्यांच्या देवस्थानांबाहेर असतात) आणि पाण्यात सोडायचा. का? तर आपल्या तलवारीने कोणाचा जीव जाऊ नये म्हणून. खरी असो वा नसो, गावाने ती सांभाळून ठेवली आहे. तलवार घडवणाऱ्याला तलवारीची धास्ती वाटत होती, असं सांगणारी गोष्ट गावाला आपली वाटली. आपण मात्र तलवार म्हटलं की छाती फुगवतो.

पुढे एदो काळात, म्हणजे साधारण सतराव्या शतकापासून, फुकुई संस्थानने या लोहारांना संरक्षण दिलं. त्यांचे संघ होते, परवाने होते. आणि माल देशभर गेला कसा, हे मला सगळ्यात आवडलं. या भागातले लोक उरुशी झाडाचा चीक काढायला गावोगाव फिरायचे. त्या चिकापासून जपानी भांड्यांवरचं ते चकचकीत रोगण होतं. हे चीक काढणारे निघताना ताकेफूचे विळे आणि सुऱ्या बरोबर घ्यायचे आणि वाटेत विकायचे. म्हणजे फिरते विक्रेते. दारात आलेल्या माणसाकडून विळा घेताना शेतकऱ्याने काय विचारलं असेल? हा सामुराईच्या वंशजाने केला का? छे! त्याने गवताची पेंडी धरून विळा ओढून पाहिला असेल.

तेव्हा भाऊजी, १८७६ ची ती बंदी खरी आहे. तलवारीवर जगणाऱ्या लोहारांचं तिने अतोनात नुकसान केलं हेही खरं. पण "बंदी आली म्हणून बिचारे सुऱ्यांकडे वळले" हे ताकेफूला लागू पडत नाही. इथे बंदीच्या आधी कित्येक पिढ्या विळे होत होते. तंत्राचं नातं मला मान्य आहे: मऊ लोखंडाला कठीण पोलाद जोडायचं, तापवायचं, ठोकायचं, पाणी द्यायचं, ही विद्या तलवारीला लागते आणि विळ्यालाही लागते. पण विळा हा तलवारीचा गरीब नातेवाईक आहे, असं मानायचं कारण नाही. तलवार संग्रहालयात राहते म्हणून तिचा इतिहास लिहिला जातो. विळा झिजतो, पुन्हा पुन्हा पाजवून बोटाएवढा होतो आणि शेवटी मोडीत जातो, म्हणून त्याच्यावर धडा नसतो. आमच्या पाठ्यपुस्तकांतही नव्हता. मी छत्तीस वर्षांत कधी विचारलंही नाही.

दुसरा मुद्दा. "सातशे वर्षांत काडीचा फरक नाही."

भाऊजी, तुमच्या शोकेसमध्ये आहे त्या सुरीचा प्रकारच सातशे वर्षांचा नाही. सांतोकु म्हणजे तीन गुणांची. मासे, मांस, भाजी, तिन्हीला चालणारी. ही घरगुती सुरी गेल्या शतकाच्या मध्यावर जपानी स्वयंपाकघरांत रुळली. म्हणजे ती वयाने जवळजवळ तुमच्या-माझ्याएवढी आहे! भाजी कापायची चौकोनी नाकिरी तिच्यापेक्षा जुनी. आणि हॉटेलातले आचारी वापरतात ती लांब ग्युतो मेइजी काळात, मांसाहार वाढला तेव्हा, सरळसरळ पाश्चात्त्य सुरीवरून आली. लोकांचं खाणं बदललं तशी लोहाराने पात्याची घडण बदलली.

करायची पद्धतही बदलली. घण मारायला पूर्वी साथीदार लागायचा, आता पट्ट्यावर चालणारा यांत्रिक घण आहे. कोळशाच्या भट्टीच्या जोडीला गॅसची भट्टी आली. लोखंड आणि पोलाद आधीच जोडलेल्या पट्ट्या तयार मिळतात. याच ताकेफूत असं पोलाद बनवणारा कारखाना आहे, आणि त्याचं व्हीजी-१० नावाचं न गंजणारं पोलाद जगभरचे सुरी करणारे वापरतात. काही लोहार अजूनही स्वतःच जोड मारतात, काही तयार पट्टी घेतात, काही दोन्ही करतात. त्यावरून त्यांच्यात कोणी कोणाला बाटगा म्हणत नसावं, निदान मला तरी तसं दिसलं नाही.

आणि बदलले नसते तर काय झालं असतं, हेही सांगते, कारण ते जवळजवळ झालंच होतं. युद्धानंतर शेतात यंत्रं आली. गवत कापायचं यंत्र, भात कापायचं यंत्र. विळा कोण घेणार? स्वयंपाकघरात साच्यातून छापून काढलेल्या स्टेनलेस सुऱ्या आल्या, स्वस्त, न गंजणाऱ्या. ठोकून केलेली सुरी कोण घेणार? १९७४ साली जपानने पारंपरिक हस्तोद्योगांसाठी कायदा केला आणि १९७९ साली त्या कायद्याखाली एचिझेनच्या घडाईला राष्ट्रीय मान्यता मिळाली. ठोकून केलेल्या हत्यारांच्या धंद्यात देशात पहिली. आपल्याकडे असं काही झालं की सत्कार होतो, शाल-श्रीफळ होतं आणि सगळे घरी जातात. पण मान्यतेच्या कागदाने गिऱ्हाईक येत नाही, हे या लोहारांना लवकर कळलं.

मग त्यांनी काय केलं? १९८२ च्या सुमारास गावातले काही तरुण लोहार काझुओ कावासाकी नावाच्या डिझायनरबरोबर बसले. हा फुकुईचाच, आधी मोठ्या कंपनीत रेडिओ-टेपरेकॉर्डरसारख्या वस्तूंचं काम केलेला, आणि अपघातानंतर चाकाच्या खुर्चीवर आलेला माणूस. लोहार नव्हे! त्याने आखलेल्या सुऱ्या पाहिल्या तर मूठही धातूची, पात्याला सलग, लाकडाचा पत्ता नाही. बापजाद्यांच्या डोळ्यांना ती सुरी दिसली तरी असती का? पण पाती त्याच हातांनी ठोकलेली. एका धंद्यातले, एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले दहा कारखानदार एकत्र आले. १९९१ मध्ये त्यांनी सहकारी संस्था केली आणि १९९३ मध्ये एक सामायिक कारखाना उघडला. ताकेफू नाइफ व्हिलेज त्याचं नाव. सहकार म्हणजे काय हे सातारा-सांगलीकडच्या माणसाला मी सांगायला नको. एका भट्टीभोवती प्रतिस्पर्ध्यांना बसवणं किती अवघड आहे, हेही सांगायला नको.

तिथे वरच्या मजल्यावरून खालचं काम पाहता येतं. मी पाऊण तास कठड्याला धरून उभी होते. घणाचा आवाज कानात नाही, छातीत बसतो. आणि तिथे मी एक गोष्ट पाहिली, ती स्वयंपाक केलेल्या कोणाही बाईला चटकन कळेल. त्यांची एक खास रीत आहे. एक पातं ठोकून पातळ व्हायला लागलं की ते लवकर निवतं आणि घण नीट बसत नाही. म्हणून ते दोन पाती एकावर एक ठेवतात आणि एकदम ठोकतात. जाडी दुप्पट, त्यामुळे उष्णता टिकते, आणि वरचं-खालचं आलटून पालटून दोन्ही सारखी पातळ होतात. आपण मधे तेल-पीठ लावून दोन लाट्या एकदम लाटतो ना? डिट्टो! मी मुलाला म्हटलं, अरे, हे तर माझ्या सासूबाईंना येत होतं.

इथे कोणी म्हणेल, यंत्राचा घण, तयार पोलाद, बाहेरचा डिझायनर, मग परंपरा उरली कुठे? नुसतं नाव आणि किंमत? हा प्रश्न रास्त आहे आणि मीही मनात विचारला. उत्तर मला पाणी देताना मिळालं. पातं सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवून एकदम गार करतात. जास्त तापलं तर ठिसूळ होतं, कमी तापलं तर धार धरत नाही. तो क्षण पुष्कळ जण अजूनही रंगावरून ओळखतात. यंत्र घण मारतं, पण पातं घणाखाली किती सरकवायचं, केव्हा फिरवायचं, केव्हा थांबायचं, हे हाताला कळावं लागतं. ते पुस्तकातून येत नाही, वंशातून तर नाहीच नाही. ते वर्षानुवर्षं कोणाच्या तरी शेजारी उभं राहून येतं. जपानच्या त्या कायद्यातसुद्धा अटी काय आहेत पाहा: वस्तू मुख्यतः रोजच्या वापरातली हवी, मुख्य काम हाताने झालेलं हवं, तंत्र आणि माल शंभर वर्षांपासून चालत आलेला हवा, आणि त्या भागात ते काम करणारे पुरेसे लोक हवेत. पहिली अटच रोजच्या वापराची. त्यात सामुराईचं नाव नाही. घराण्याचंही नाही.

आणि म्हणूनच त्या कारखान्याचं दार उघडं आहे. खाली काम करणाऱ्यांत पांढऱ्या केसांचे होते, तशी विशीतली पोरंही होती. त्यांतली कित्येक गावची नाहीत, दुसऱ्या प्रांतांतून येऊन शिकणारी आहेत. चाकावर धार काढत एक मुलगी बसली होती. डोळ्यांवर चष्मा, हातावर काळे डाग, आणि समोर पात्यांची चळत. तिने एकदाही वर पाहिलं नाही. मला आपल्या नातीची आठवण झाली ती तिथेच, निकाल लागायच्या आधी.

तिथे सगळं आलबेल आहे असा माझा दावा नाही. वारस न मिळाल्याने बंद पडणारे हस्तोद्योग जपानमध्येही पुष्कळ आहेत, आणि विळ्याचे दिवस काही परत यायचे नाहीत. पण ज्या गावाने तग धरला त्याने तो कसा धरला, हे तरी आपण नीट सांगावं. "त्यांनी काही बदललं नाही म्हणून टिकले" हे सांगणं त्यांच्या कष्टांवर बोळा फिरवण्यासारखं आहे. त्यांनी माल बदलला, गिऱ्हाईक बदललं, यंत्र आणलं, बाहेरच्याचं ऐकलं, परक्या पोरांना शिकवलं. एक सोडलं नाही: हाताने काम शिकायचं आणि ते शिकण्यात कमीपणा मानायचा नाही.

आपण नेमकं उलट करतो. आपल्याला त्यांच्या कामाची कथा हवी, काम नको. लोहार सातशे वर्षांपूर्वीचा असला, परदेशातला असला, तलवारवाला असला, की तो कलावंत. आपल्या गल्लीच्या टोकाला विळी पाजवून देणारा मात्र "तो लोहार". त्याच्याशी आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. (मीही केली आहे. साताऱ्याच्या बाजारात, एकदा नव्हे.) आणि आपल्याच घरातली, गणितात नव्वदच्या वर गुण असलेली मुलगी म्हणते की मला साचे आणि हत्यारं करायला शिकायचं आहे, तर आपल्याला कानशीची लाज वाटते. भाऊजी, टूल अँड डाय म्हणजे काय तर हत्यारं घडवायची हत्यारं. लोखंड समजल्याशिवाय ते जमत नाही. ताकेफूचा लोहार तिच्याशी बोलायला बसला तर दोघांना बोलायला पुष्कळ असेल. तुमच्या-माझ्याशी तो काय बोलणार? आपण त्याची सुरी कुलपात ठेवणारी माणसं.

तुम्ही म्हणाल, पोटाचं काय, पगाराचं काय. विचारा जरूर, आजोबांचा तो हक्कच आहे. पण मग तो हिशेब इंजिनिअरिंगची पदवी घेऊन घरी बसलेल्या पोरांनाही लावा. आपल्या खानदानात असे किती आहेत हे मी इथे लिहीत नाही, दोन-तीन जण हे वाचत असतात.

आता दोन मागण्या. पहिली: प्रवेशाचा अर्ज भरायची मुदत संपायच्या आत नातीला घेऊन तुम्ही स्वतः त्या आयटीआयमध्ये जा आणि वर्कशॉप बघून या. नुसतं बघून या, निर्णय नंतर करा. वरून बघायला कठडा नसेल, पण खाली उभं राहायला कोणी नाही म्हणणार नाही.

दुसरी मागणी जाऊबाईंच्या वतीने. ती सुरी शोकेसमधून काढा. तिला धार आहे ती कांद्या-कोबीसाठी आहे. तिच्या कडेचं पोलाद गंजणारं आहे, लिंबू-कैरी चिरली की लगेच पुसून ठेवावी लागते, आणि नुसती पडून राहिली तरी आपल्या पावसाळ्यात काचेच्या आतसुद्धा तांबूस पडेल. जाऊबाई परवा फोनवर म्हणाल्या, "मला उभ्याने चिरायची सवय नाही हो, पण शिकेन." बासष्टाव्या वर्षी त्या शिकायला तयार आहेत. किल्ली तेवढी तुमच्याकडे आहे.

असो. फार बोलले. जपानी नावांच्या उच्चारांत चूकभूल द्यावी घ्यावी. बाकीच्या मंडळींनीही प्रतिक्रिया कळवा, पण आज पहिली प्रतिक्रिया साताऱ्याहून आली पाहिजे.